भेदरलेल्यांचे जबाब

नात्यात लग्न चालतं का, असा प्रश्न आला की बायबलचा जाणकार लेवीयाचा अठरावा अध्याय उघडतो. अध्याय तीस वचनांचा. आई, सावत्र आई, बहीण, नात, आत्या, मावशी, चुलती, सून, भावजय अशी एकेक स्त्री पुढे येते आणि तिच्यावर काट मारली जाते. या यादीच्या आधारे इंग्लंडच्या चर्चचे आर्चबिशप मॅथ्यू पार्कर यांनी १५६३ साली निषिद्ध नात्यांचं एक कोष्टक तयार केलं आणि ते पुढे प्रार्थनापुस्तकाला जोडून छापलं जाऊ लागलं. त्याची सुरुवात आजीपासून होते. आजीशी लग्न करायला निघालेला माणूस पार्करना कुठे भेटला असेल, देव जाणे.

यादी म्हणून वाचलं तर हे प्रकरण तिथेच मिटतं. पण ज्या ग्रंथात ही यादी आहे, त्याच ग्रंथातली माणसं तिला सतत छेद देत जगतात, आणि ग्रंथ ते लपवत नाही. ही यादी मोशेच्या हातून इस्राएलापर्यंत पोचली. त्या मोशेचेच आईबाप पाहा. निर्गमाच्या सहाव्या अध्यायातल्या वंशावळीत सरळ लिहिलंय की अम्रामने आपल्या बापाची बहीण योखबेद हिच्याशी लग्न केलं आणि तिला अहरोन व मोशे झाले. म्हणजे मोशेची आई ही त्याच्या वडिलांची सख्खी आत्या. लेवीय १८ मध्ये आत्या निषिद्ध आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात या ग्रंथाचं ग्रीक भाषांतर सुरू झालं, तेव्हा भाषांतरकारांना हे अवघड वाटलं असावं. त्यांच्या ग्रीक पाठात योखबेद आत्या उरत नाही, ती अम्रामच्या बापाच्या भावाची मुलगी होते. मूळ हिब्रू पाठ मात्र आजतागायत आत्याच म्हणतो. कायदा सांगणाऱ्याचा जन्म कायद्याबाहेरच्या लग्नातून झाला, हे नोंदवून ठेवायला धाडस लागतं. बायबलचं वाङ्मय म्हणून मला जे आकर्षण आहे, त्यात या धाडसाचा वाटा मोठा.

आधी यादीच नीट वाचू. आजचा वाचक तिच्यात रक्ताचा दोष, अपंग संतती, आनुवंशिक रोग असं सगळं आपल्या पदरचं घालून वाचतो. यातलं काहीही तिथे नाही. सावत्र आई, सून, भावजय, चुलती यांच्याशी पुरुषाचं रक्ताचं नातं नसतं, तरी त्या यादीत आहेत. आणि ज्यांच्याशी रक्ताचं नातं आहे अशा काही जणी यादीतून गळलेल्या आहेत. चुलत-मामे-आते-मावस बहिणींचा उल्लेख नाही. पुतणी-भाचीचा नाही. कमाल म्हणजे मुलीचाही स्वतंत्र उल्लेख नाही. स्त्री आणि तिची मुलगी अशा दोघींशी संबंध नको, या दुसऱ्या एका नियमात ती ओघाने येते. मला ही यादी रक्तापेक्षा घराची वाटते. एका कर्त्या पुरुषाच्या छायेत, शेजारी शेजारी लावलेल्या तंबूंमध्ये ज्या बायका एकत्र राबतात, त्यांच्यापैकी कुणाकडे कुणी कसं पाहायचं नाही, याची ही आखणी आहे. म्हणूनच तिची कारणंही घरातलीच असतात. सावत्र आई का नको? तिची लाज ही बापाची लाज आहे म्हणून. नात का नको? तिची लाज म्हणजे तुझी स्वतःचीच. एका माणसाची अब्रू दुसऱ्याच्या अंगावर पांघरलेली आहे, अशी ती कल्पना आहे.

गाळलेल्या जागांवरून पुढे बरंच रामायण घडलं. आत्या निषिद्ध आहे, पण काका-पुतणी किंवा मामा-भाचीबद्दल लेवीय गप्प. तालमुदातल्या रब्बींनी बहिणीच्या मुलीशी लग्न करणाऱ्याची प्रशंसाच केली. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पंथाने उलट युक्तिवाद केला : कायदा पुरुषाला उद्देशून लिहिलेला असला तरी तो स्त्रीलाही तसाच लागू आहे, तेव्हा भाच्याला मावशी चालत नसेल तर मामालाही भाची चालणार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आजच्या कुठल्याही न्यायालयात टिकेल. आणि नव्या करारातला बाप्तिस्मा करणारा योहान आठवा. हेरोद अंतिपाने भावाची बायको केली म्हणून तो राजाला तोंडावर बोलला आणि त्यापायी त्याचं डोकं गेलं. ही हेरोदिया अंतिपाची भावजय होती, तशीच त्याच्या दुसऱ्या एका सावत्र भावाची मुलगी, म्हणजे पुतणीही होती. योहानाने आक्षेप घेतला तो फक्त पहिल्या नात्याला. यादीत जे नव्हतं त्यावर तो बोलला नाही.

भावजयीच्याच नियमावरून इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३३ साली आपलं लग्न रद्द करवून घेतलं, कारण कॅथरीन ही त्याच्या मेलेल्या भावाची विधवा होती. आणि त्याच भावजयीशी, भाऊ निपुत्रिक वारला असेल तर, दिराने लग्न केलंच पाहिजे असं बायबलच्याच अनुवाद या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय म्हणतो. हे नियम जुने झाले असं कुणाला वाटत असेल, तर आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना विचारावं. तेलाचे घाणे चालवणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा हा मराठी बोलणारा यहुदी समाज इस्राएलात गेला, तेव्हा तिथल्या प्रमुख धर्मपीठाने शंका काढली की या लोकांना घटस्फोटाचे आणि दिराच्या लग्नाचे नियम पिढ्यान्‌पिढ्या माहीत नव्हते, मग यांच्यात निषिद्ध संबंधांतून झालेली संतती नसेल कशावरून? १९६२ मध्ये लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा आदेश निघाला. बेने इस्राएल रस्त्यावर उतरले. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेला ते इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असा ठराव करावा लागला.

कायद्याचं एवढं पुरे. खरी गंमत कथांमध्ये आहे.

याकोबाची कथा मराठी वाचकाला परकी वाटतच नाही. भावाच्या भीतीने घर सोडून तो आईच्या माहेरी, मामाकडे जातो. विहिरीवर मामाची मुलगी राहेल मेंढरं घेऊन येते आणि तो तिच्यात गुंततो. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानणाऱ्या आपल्या समाजात हे वाचताना कुणाची भुवई वर जात नाही. अर्जुनानेही मामेबहीणच केली होती. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातल्या नातेसंबंधांची मांडणी करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्यामधला पट्टा म्हटलं, ते या मामेबहिणीच्या लग्नामुळेच. उत्तरेत ते चालत नाही आणि दक्षिणेत त्याच्याही पुढे जाऊन मामाने भाची केलेली चालते. मराठी वाचक अडखळतो तो दुसरीकडे. याकोबाचा भाऊ एसाव आपल्या काकाची, इश्माएलाची मुलगी करतो. सलाफहादाच्या पाच मुली, ज्यांनी मोशेसमोर उभं राहून बापाच्या जमिनीत वाटा मागितला आणि मिळवला, त्या पाचही जणी जमीन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून चुलतभावांशी लग्नं करतात. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे भाऊच. बायबलला मामे आणि चुलत यांच्यात काही फरक दिसत नाही. तिथे प्रश्न जमिनीचा आणि घराण्याचा आहे.

याकोबाला मामाने फसवून आधी थोरली लेआ दिली, मग धाकटी राहेल. लेवीय १८ मध्ये एक विलक्षण नियम आहे : बायको जिवंत असताना तिच्या बहिणीला तिची सवत करून आणू नये. यादीतले बाकीचे नियम नातं सांगून थांबतात. हा एकटाच नियम बायकोच्या जिवाला होणाऱ्या जाचाचा विचार करतो. तो वाचताना मला नेहमी वाटतं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर याकोबाचंच घर असणार. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत लेआचा मुलगा रानातून फळं आणतो, मूल व्हावं म्हणून बायका जी जपत ती. राहेल ती मागते. लेआ फणकारते : माझा नवरा घेतलास तो कमी पडला का, आता माझ्या मुलाची फळंही घेतेस? राहेल सौदा करते. आजची रात्र नवरा तुझ्याकडे, फळं माझी. संध्याकाळी याकोब शेतावरून येतो तर लेआ वाटेतच गाठून त्याला सांगते की आज मी तुला भाड्याने घेतलंय. बारा वंशांचा मूळपुरुष एक शब्दही बोलत नाही, तिच्या मागोमाग जातो. निवेदक इथे कुणालाच दोष देत नाही. कायद्यात एका वाक्यात आलेलं दुःख त्याने आधीच घरात घडताना दाखवून ठेवलेलं आहे.

लोट आणि त्याच्या मुलींच्या गुहेतल्या प्रसंगावर मी रेंगाळणार नाही. एवढंच सांगतो की त्या बापलेकींच्या संबंधातून मवाबी लोक झाले, मवाबी वंशातली रूथ पुढे बेथलेहेमात आली आणि दावीद राजाची पणजी ठरली. यहूदा आणि त्याची सून तामार यांच्या संबंधातून झालेला पेरेसही दावीदाचाच पूर्वज. सून यादीत निषिद्ध आहे, आणि मत्तयाने येशूची वंशावळ देताना या तामारेचं नाव मुद्दाम घेतलं आहे.

आता सावत्र बहीण. यादीने तिच्याबाबत जेवढी काळजी घेतली तेवढी दुसऱ्या कुणाबाबत घेतलेली नाही. लेवीय १८ मध्ये ती दोनदा येते, बापाची मुलगी म्हणून आणि बापाच्या बायकोला बापापासून झालेली मुलगी म्हणून. विसाव्या अध्यायात शिक्षेसह पुन्हा येते, अनुवादाच्या सत्ताविसाव्यात शापासह. यहेज्केल संदेष्टा यरुशलेमेची पापं मोजतो तेव्हाही ती आहेच. इतक्यांदा कुलूप घातलेलं पाहिलं की हे दार कधीतरी उघडं होतं अशी शंका येते. आणि बायबलमध्ये खरोखरच दोन ठिकाणी कुणीतरी म्हणतं की सावत्र बहिणीशी लग्न होऊ शकतं. ही दोन ठिकाणं शेजारी ठेवून वाचावीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिलं ठिकाण उत्पत्तीच्या विसाव्या अध्यायात. अब्राहाम गरारला जातो, बायकोला बहीण म्हणून सांगतो, राजा अबीमलेख साराला आपल्या घरी नेतो. रात्री देव स्वप्नात येऊन राजाला दटावतो. सकाळी राजा अब्राहामाला बोलावून फैलावर घेतो : मी तुझं काय वाकडं केलं होतं? अब्राहामाचं उत्तर तीन तुकड्यांचं आहे. इथे देवाचं भय नसेल, बायकोपायी मला मारतील असं वाटलं. शिवाय ती खरंच माझी बहीण आहे, बाप एक, आई वेगळी. आणि घर सोडलं तेव्हापासून आमचं ठरलंय की जाऊ तिथे हेच सांगायचं. पकडला गेलेला माणूस असाच बोलतो. एक कारण पुरत नाही म्हणून दुसरं, दुसरं पुरत नाही म्हणून तिसरं. मधला तुकडा खरा मानायचा का? निवेदकाने अकराव्या अध्यायात अब्राहामाचा बाप तेरह याच्या घराची ओळख करून देताना साराला त्याची सून म्हटलंय. मुलगी म्हटलेलं नाही. जुन्या यहुदी भाष्यकारांनी तिला अब्राहामाच्या मेलेल्या भावाची मुलगी ठरवून वाट काढली. निवेदक स्वतः अब्राहामाचं म्हणणं खोडत नाही की उचलून धरत नाही. तो फक्त अबीमलेखाला एक वाक्य देतो. साराला निरोप देताना राजा म्हणतो की तुझ्या भावाला मी चांदीचे हजार तुकडे दिलेत. सगळा उलगडा झाल्यावरही तो नवरा म्हणत नाही, भाऊ म्हणतो. त्या एका संबोधनात जो टोमणा आहे तो अब्राहामाला कळला नसेल असं वाटत नाही.

दुसरं ठिकाण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात, आणि इथे हसू मावळतं. दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार (यहूदाची सून नव्हे, ही दुसरी) हिच्यासाठी झुरतो. चुलतभाऊ योनादाब विचारतो, तेव्हा अम्नोन सांगतो की माझ्या भावाच्या, अबशालोमाच्या बहिणीवर माझं प्रेम बसलंय. माझी बहीण असं तो म्हणत नाही. तिला मधल्या भावाआड ढकलून एक पाऊल लांबची करतो. योनादाबाच्या सल्ल्याने तो आजारी पडतो, राजा भेटायला येतो, आणि आता राजाजवळ त्याच्या तोंडी येतं : माझी बहीण तामार हिला पाठवा, तिच्या हातचं खाईन. बापाकडून तिला मागायची तर ती बहीण असावी लागते. वासना सांगताना नातं लांब जातं आणि डाव टाकताना जवळ येतं. निवेदक यावर अक्षर बोलत नाही, दोन्ही उद्गार दोन वचनांच्या अंतरावर ठेवतो.

मग स्वयंपाक. ती पीठ घेते, मळते, त्याच्या डोळ्यांदेखत पोळ्या करते, भाजते, कढई घेऊन त्याच्यापुढे ओतते. घाईच्या कथेत ही एकच जागा संथ आहे. ती हातातल्या कामाकडे पाहते आहे आणि तो तिच्याकडे, हे संथपणामुळेच कळतं. तो खात नाही, सगळ्यांना बाहेर काढतो, तिला आतल्या खोलीत बोलावतो आणि धरतो.

धरलेल्या अवस्थेत तामार जे बोलते, ते मला संपूर्ण जुन्या करारातलं सर्वांत बुद्धिमान भाषण वाटतं. जेमतेम दोन वचनं. आधी नकार आणि त्याला भाऊ म्हणून हाक. मग लोकरीत : इस्राएलात असं करत नाहीत. मग स्वतः : ही लाज घेऊन मी कुठे जाऊ? मग तो : तुझी गणना नादानांत होईल. आणि शेवटी सुटकेची वाट : राजाशी बोल, तो मला तुझ्यापासून राखून ठेवणार नाही. कायद्यात चारदा बंद झालेलं दार इथे ती उघडं असल्याचं सांगते आहे. पंडितांनी यावर शतकानुशतकं डोकं खाजवलं. तालमुदातला एक खुलासा असा की तामारेची आई युद्धात आणलेली परकी राजकन्या होती, गर्भ तिच्या धर्मांतराआधीचा, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती बहीणच नव्हे. आधुनिक अभ्यासकांपैकी काही म्हणतात की दावीदाच्या काळी हा निषेध लागूच नव्हता. असेल. पण हे सगळे खुलासे तिचं वाक्य एखाद्या पंचायतीपुढे दिलेल्या साक्षीसारखं वाचतात. तिचा हात कुणाच्या मुठीत आहे हे विसरतात. ती वेळ मागते आहे. राजाचं नाव घेतलं, लग्नाची आशा दाखवली, तर तो निदान दार उघडेल, एवढाच तिचा हिशेब असू शकतो. अब्राहामाने जिवाच्या भीतीने जे सांगितलं आणि तामारेने अब्रूच्या भीतीने जे सांगितलं, त्यावरून बायबलला सावत्र बहिणीचं लग्न मान्य होतं असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी या दोन्ही जबाबांची परिस्थिती पाहावी. दोघंही बळजोराच्या तावडीत आहेत, आणि दोन्हीकडे निवेदकाने होकार दिलेला नाही. फरक एवढाच की परक्या, देवाचं भय नाही असं समजल्या गेलेल्या राजाने अब्राहामाचं ऐकून घेतलं. सख्ख्या घरात तामारेचं कुणी ऐकलं नाही. तो तिच्याहून बळकट होता, असं निवेदक लिहितो. त्याच्याकडे दुसरं स्पष्टीकरण नाही.

बलात्कारानंतर अम्नोनाला तिचा द्वेष वाटू लागतो, आधीच्या प्रेमाहून मोठा. तिला हाकलताना त्याच्या तोंडी हिब्रूत दोनच शब्द आहेत. ती पुन्हा बोलू पाहते की हे हाकलणं आधीच्या कृत्याहून वाईट आहे, आणि मूळ हिब्रूत तिचं हे वाक्य तुटलेलं, विस्कटलेलं आहे. मघाशी इतकं नीट रचून बोलणारी ती हीच. तो नोकराला हाक मारून हिला बाहेर काढ म्हणतो, नाव नाही, नातं नाही, आणि दाराला अडसर घालायला लावतो.

नातं परत येतं ते तिच्या सख्ख्या भावाच्या तोंडून, आणि ते सगळ्यांत वाईट. अबशालोम तिला सांगतो की आता गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. ज्या शब्दाने तिने दया मागितली होती त्याच शब्दाने तिचं तोंड बंद केलं जातं. दावीद संतापतो आणि काहीही करत नाही. दोन वर्षांनी मेंढरांच्या कातरणीच्या मेजवानीत अबशालोम अम्नोनाला मारवतो. त्याला सूड म्हणावं की थोरल्या राजपुत्राचा काटा काढणं, हे निवेदक आपल्यावर सोडतो. मला दुसरं जास्त पटतं.

पाचव्या शतकात संत ऑगस्टीन याच विषयावर लिहून गेला. आदामाच्या मुलांना बहिणींखेरीज बायका नव्हत्या, तेव्हा ती गरज होती, पण माणसं वाढल्यावर बाहेर लग्न करणं बरं, कारण त्यामुळे एकाच माणसात दोन नाती कोंबली जात नाहीत आणि माया अनेक घरांत पसरते, असा त्याचा विचार. विचार सुंदर आहे, पण तो पुरुषांच्या सोयरिकीचा विचार आहे. तामारेच्या अध्यायाने जे दाखवलं ते त्यात बसत नाही. बहीण या नात्याचं कुंपण तुटलं तर आत राहणाऱ्या बाईला जायला जागा उरत नाही, ही गोष्ट लेवीयाच्या यादीला अर्धवट कळली होती आणि शमुवेलाच्या निवेदकाला पूर्ण.

पुढे इतिहासाच्या पुस्तकाच्या लेखकाने दावीदाचं राज्य नव्याने लिहिलं. त्यात हा प्रसंग त्याने गाळला. दावीदाच्या मुलांची यादी मात्र दिली आणि तिच्या शेवटी एक नोंद ठेवली की तामार ही त्यांची बहीण होती.